खालच्या काकांना वाटलं आम्ही घरघंटी घेतली: पीएस५ वर बास शेकर बसवण्याचं पूर्ण प्रकरण

रात्री पावणेअकराला बेल वाजली, दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवर शाल टाकून उभे. म्हणाले, "अहो, घरघंटी घेतली का तुम्ही? दळा की, पण दिवसा दळा." मी म्हणलं नाही हो काका, घरघंटी नाही, सॉरी, बंद करतो. काय आहे ते सांगायचं धाडस झालं नाही, कारण चाळिशीच्या माणसाने सीटच्या बुडाशी मोटरसारखं काहीतरी लावलंय आणि त्यावर बसून तो टीव्हीतली गाडी चालवतोय हे सांगायला पण एक वेळ लागते.

तर हे त्या सगळ्याचं प्रकरण. जे चुकलं ते जास्त लिहिलंय, कारण वेळ आणि पैसे तिकडेच गेले.

सेटअप काय होता ते आधी. पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल), ग्रॅन टुरिस्मो ७ (गाड्यांच्या रेसचा गेम), लॉजिटेकचं जी२९ व्हील आणि पेडल. रिग, म्हणजे सीट-व्हील-पेडल बसवायची फ्रेम, फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडाच्या ४० बाय ४० चौकोनी पाईपची वेल्ड करून घेतलेली, त्यावर भंगारातून आणलेलं जुन्या अल्टोचं सीट. वजन सगळं मिळून ४५ किलोच्या आसपास, वर मी ७५.

शेकर का, तर आधी मी कंट्रोलरवर खेळायचो आणि या गेममध्ये ड्युअलसेन्सच्या (पीएस५ च्या कंट्रोलरच्या) आतली थरथर खरंच चांगली आहे, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) लागला, टायर सुटलं म्हणजे त्याची रस्त्यावरची पकड गेली, गिअर पडला, सगळं तळहातात कळतं. व्हील घेतलं आणि तो कंट्रोलर टेबलावर पडून राहिला, म्हणजे ती सगळी माहिती पण टेबलावर पडून राहिली. व्हीलच्या फोर्स फीडबॅकमध्ये (आतली मोटर स्टिअरिंगला जो जोर देते त्यात) पुढच्या चाकांचं बरंच कळतं पण मागचं टोक सुटायला लागलं की हातात कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खऱ्या गाडीत ते आधी बुडाला कळतं. म्हणून मला सीटला एकच गोष्ट पाहिजे होती: टायर सुटतंय हे. बाकी मजा मिळाली तर बोनस. हे वाक्य मी आज लिहितोय, तेव्हा डोक्यात एवढं स्पष्ट नव्हतं, तेव्हा नुसतं "हललं पाहिजे" एवढंच होतं आणि घोळ तिथूनच झाला.

शेकर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्पीकरमध्ये कॉइल कागदी कोनाला हलवते, हवा हलते, आवाज येतो. शेकरमध्ये कोन नसतोच, कॉइल आणि चुंबक एका जड वजनाला आत वरखाली हलवतात आणि ते ज्याला बोल्ट केलंय ती वस्तू थरथरते. त्यामुळे आवाज फार नाही, हादरा आहे. मी डेटन ऑडिओचे बीएसटी-१ घेतले, दोन, प्रत्येकी ५० वॉट आणि ४ ओम. एक सीटखाली, एक पेडलच्या प्लेटखाली. अँप म्हणजे टीपीए३११६ चिपवाला छोटा क्लास डी स्टिरिओ अँप, एका चॅनलला एक शेकर. इथे एक सांगतो, दोन ४ ओमचे शेकर एकाच चॅनलवर पॅरलल लावू नका, २ ओम होतात आणि असले छोटे अँप तापून प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःहून बंद पडतात. आणि अडॅप्टर बघून लावा. सोबत आलेला १२ व्होल्टचा होता. ४ ओमवर १२ व्होल्टमधून हिशोबाने फार फार तर १८ वॉट निघतात, तेच १९ व्होल्टचा जुना लॅपटॉपचा अडॅप्टर लावला की ४५. व्होल्टेज दीडपटीच्या थोडं वर नेलं तर पॉवर अडीचपट, कारण वर्ग होतो. मी आठवडाभर "शेकर वीक आहेत" म्हणत होतो, वीक अडॅप्टर होता.

आता पहिला प्रयत्न, जो सगळेच करतात: आवाजावरून शेकर चालवणे. पीएस५ ला ऑप्टिकल आउट नाही, त्यामुळे कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर (आवाज वेगळा काढून देणारी डबी) टाकला, त्याच्या ३.५ च्या जॅकमधून अँपला, मध्ये ८० हर्ट्झचा लो-पास, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या खालचंच पुढे सोडणारा फिल्टर. कन्सोलच्या साउंड सेटिंगमध्ये लिनिअर पीसीएम आणि २ चॅनल करून ठेवलं, कारण ५.१ वर ठेवलं की त्या डबीच्या जॅकमधून काहीच येत नव्हतं. (डबी कोणाची ते सांगत नाही, तिसऱ्या आठवड्यात ती ४के सिग्नल मध्येच सोडायला लागली, रेसच्या मधोमध दोन सेकंद काळा पडदा, त्याचं दुःख वेगळं.)

पाच मिनिटं भारी वाटलं. अरे वा, हलतंय! मग लक्षात आलं की सगळंच हलतंय. मेनूमध्ये निवांत संगीत चालू असतं, त्यातल्या बास गिटारवर माझं सीट डुलतंय. रेसमध्ये बॅकग्राउंड म्युझिक बंद केलं तरी रस्त्याची घरघर, वारा, शेजारून गेलेली गाडी, सगळ्याचा मिळून एक सतत गुरगुराट आणि त्यात टायर सुटल्याचा जो आवाज असतो तो कुठेच नाही, कारण टायरची किंकाळी ही वरच्या फ्रिक्वेन्सीची, ८० हर्ट्झच्या खाली ती येतच नाही. म्हणजे मला जे एकमेव पाहिजे होतं तेच मी फिल्टर लावून कापून टाकलं होतं!

इंजिनचं पण तेच. चार सिलेंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये एका फेऱ्याला दोनदा पेट होतो. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, म्हणजे २०० हर्ट्झ. उलट हिशोब केला तर ८० हर्ट्झच्या खाली राहायला इंजिन २४०० आरपीएमच्या खाली पाहिजे आणि रेसमध्ये २४०० च्या खाली कोण असतं, पिटमध्ये उभा असलेला. व्ही८ असेल तर १२०० लाच विषय संपला. त्यामुळे "इंजिन सीटमध्ये जाणवतं" असं जे मला वाटत होतं ते इंजिन कमी आणि मिक्समधला गाळ जास्त.

शिवाय सतत थरथर असली की दहा मिनिटांत शरीर ती धरतच नाही. बसमध्ये मागच्या सीटवर झोप लागते ना, तसं. मग मी आवाज वाढवला, मग अजून वाढवला, मग काका आले.

इथून गाडी टेलिमेट्रीवर, म्हणजे गेममधल्या गाडीच्या चालू डेटावर गेली. कल्पना सोपी आहे, आवाज ऐकायचाच नाही, गेम स्वतः जो डेटा नेटवर्कवर सोडतो तो घ्यायचा आणि त्यावरून आपणच हादरा तयार करायचा. कन्सोलवर सॉफ्टवेअर टाकता येत नाही हे खरं, पण त्याच वायफाय-राउटरवर विंडोजचा एखादा जुना लॅपटॉप असला की काम होतं. माझ्याकडे बायकोचा ऑफिसने सोडून दिलेला जुना आय३ होता. त्यावर सिमहब टाकलं, गेमच्या डेटावरून हादरे तयार करणारं सॉफ्टवेअर. त्यात पीएस५ चा आयपी द्यायचा, मग सिमहब कन्सोलला ३३७३९ पोर्टवर "मी इथे आहे" असा टिचकी-पॅकेट मारत राहतो आणि गेम ३३७४० वर डेटा पाठवतो, सेकंदाला ६० वेळा. त्यात स्पीड, आरपीएम, गिअर, प्रत्येक चाकाचा फिरण्याचा वेग, टायरची त्रिज्या, प्रत्येक सस्पेन्शनची उंची वगैरे असतं. चाक सुटलंय का हे यात थेट लिहिलेलं नसतं पण काढता येतं. चाकाचा वेग गुणिले त्रिज्या म्हणजे चाकाच्या मते गाडीचा स्पीड, आणि खरा स्पीड वेगळा येतोच. चाकाचा जास्त निघाला तर चाक नुसतं फिरतंय, कमी निघाला तर लॉक झालंय. बस. हे मला शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

फुकट व्हर्जनमध्ये सिमहब डेटा सेकंदाला १० वेळा वापरतो, लायसन घेतलं की ६०. मी आधी म्हणलं कशाला, पण २०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते, म्हणजे दहाव्या भागात साडेपाच मीटर, एक अख्खी गाडी आणि वर थोडं. हादरा येईपर्यंत मी कर्बवरून उतरलेलो असायचो. लायसन घेतलं, आणि कन्सोल व लॅपटॉप दोन्ही लॅन केबलवर टाकले. वायफायवर चालतं, पण शेजारच्यांचे सगळे राउटर त्याच चॅनलवर बोंबलत असतात आणि मध्येच हादरा उशिरा येतो, आणि उशिरा आलेला हादरा हा नसलेल्यापेक्षा वाईट.

दोन अडथळे आले. पहिला विंडोज फायरवॉल, तो गेमचा डेटा (यूडीपी पॅकेट) आत येऊ देत नव्हता, परवानगी दिली, झालं. दुसरा जास्त चिडवणारा. गुरुवारी लाईट गेली, आली, आणि सगळं बंद. एक तास केबल बघितल्या, अँप उघडला, शेवटी कळलं की राउटरने पीएस५ ला नवीन आयपी दिलाय आणि सिमहब जुन्या पत्त्यावर टिचक्या मारत बसलाय. राउटरमध्ये जाऊन त्या कन्सोलसाठी आयपी पक्का करून ठेवला की हा विषय कायमचा मिटतो. हे पहिल्या दिवशी करा, गुरुवारची वाट बघू नका.

मग लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अँपला दिलं, डावा चॅनल सीट, उजवा पेडल. आणि सीट गुणगुणायला लागलं. गेम बंद, सिमहब बंद, तरी बारीक एकसारखी थरथर. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबली, लावला की चालू. ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची गुणगुण (हम). आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ आणि शेकरचा पट्टा साधारण २० ते ८०, म्हणजे हम अगदी मधोमध बसतो, स्पीकरमध्ये जो हम कानाला जेमतेम कळला असता तो इथे मांडीला कळतो. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, हम गेला, पण सोबत खालचा बास पण गेला, कारण त्या छोट्या डबीतला ट्रान्सफॉर्मर ३० हर्ट्झ नीट सोडत नाही. शेवटी इलाज फुकटचा निघाला: लॅपटॉप, अँप, टीव्ही, पीएस५ सगळं एकाच स्पाईक गार्डवर, आणि तो अशा सॉकेटमध्ये ज्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनने खरंच तपासलंय. माझ्या हॉलमधल्या एका सॉकेटला अर्थिंग नावापुरतंच होतं हे यानिमित्ताने कळलं, ते वेगळंच.

एक गंमत. विंडोजचे सिस्टिमचे आवाज त्याच साउंड आउटपुटवर राहिले होते. सुझुका ट्रॅकच्या १३०आर या वेगवान वळणात, जिथे श्वास पण जपून घ्यायचा, लॅपटॉपला अपडेटचं नोटिफिकेशन आलं आणि ते "टुंग" थेट कंबरेत वाजलं. गेलो भिंतीत. सिमहबसाठी वेगळं दोन-तीनशेचं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि विंडोजचा डीफॉल्ट दुसरीकडे ठेवा, आणि त्या कार्डाचे बास बूस्ट वगैरे जे काही "एन्हान्समेंट" असतील ते बंद करा.

आता इफेक्ट. पहिल्या दिवशी हावरटासारखे सगळे ऑन केले: आरपीएम, रस्ता, गिअर, लॉक, स्लिप (टायर सुटणं), धडक. परत तोच गाळ, फक्त आता डिजिटल. प्रत्येक इफेक्ट १०० टक्क्यांवर, दोन एकत्र आले की सिग्नल वर कापला जातो आणि सगळं एकसारखं फर्रर्र होतं. मग मोबाईलवर टोन जनरेटर लावून २० ते ८० हळूहळू फिरवलं, हात सीटवर ठेवून. माझं सीट ३८ ते ४२ मध्ये वेडं होतं, तिथे कमी सिग्नलला पण जोरात हलतं. आणि ६३ ला शोकेसमधल्या बश्या वाजतात. सगळे इफेक्ट नकळत ४० च्या आसपास होते म्हणून ते ओळखू येत नव्हते, सगळ्यांचा आवाज एकच. मग वाटणी केली: चाक लॉक ३० ला आणि ते फक्त पेडलला, मागचं स्लिप ५२ ला आणि ते फक्त सीटला, गिअर म्हणजे ४० चा एक छोटा ठोका, रस्ता अगदी हलका. आरपीएम पूर्ण बंद. हे बंद करताना जीव तुटला, पण पाचव्या मिनिटाला विसरलो. कुठलाच इफेक्ट ५५ टक्क्यांच्या वर नाही.

तरी पेडल गप्पच. लॉकचा इफेक्ट टेस्ट बटण दाबलं की वाजतो, गेममध्ये कितीही ब्रेक मारा, शून्य. दोन संध्याकाळी गेल्या. केबल नाही, पोर्ट नाही, काही नाही. भाचा आला होता सुट्टीला, तो मागे उभा राहून वडापाव खात म्हणाला, "मामा, एबीएस ऑन आहे ना तुझं?" आता यावर काय बोलणार. एबीएस डीफॉल्टवर असेल तर गेम चाक लॉक होऊच देत नाही, मग लॉकचा हादरा कुठून येणार. एबीएस वीक केलं, लगेच पेडल बोलायला लागलं. तसंच ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर चाक नुसतं फिरू न देणारी मदत) ३ वर ठेवून मागच्या चाकाच्या स्लिपची वाट बघणारे पण असतील, त्यांनी ते ० किंवा १ ला आणावं. इफेक्ट वाजत नाही म्हणजे तो बिघडलाय असं नाही, कधी कधी ती घटनाच घडत नसते.

मेकॅनिकल बाजूला एकच सांगतो, शेकर फोमला किंवा कापडाला लावू नका, मी आधी केबल टायने बांधला होता, अर्धी ताकद तिथेच मेली. सीटच्या रेलला ५ एमएमची पट्टी आडवी बोल्ट केली आणि शेकर तिला. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची रिंग असलेले) वापरा, साधे नट आठवड्यात सुटतात, कारण आपण त्यांना सुटण्याचंच ट्रेनिंग देतोय.

आता काका. त्या रात्रीनंतर मी शहाणपणा करून वॉशिंग मशीनखाली टाकतात तसले जाड रबरी पॅड आणले, १०० बाय १०० एमएम, चारी पायांखाली. कडक, जाड, एकदम दणकट. आता खाली काही जाणार नाही म्हणून खुश. तिसऱ्या दिवशी काकांनी मलाच खाली बोलावलं. चिडलेले नव्हते, उलट उत्सुक. स्टीलचं फुलपात्र पाण्याने भरून फरशीवर ठेवलं होतं आणि म्हणाले वर जाऊन चालू करायला सांगा कोणाला तरी. भाच्याला फोन केला. त्याने ब्रेकचा टेस्ट टोन दाबला आणि पाण्यावर गोल गोल रेघा, स्पष्ट, एकात एक. कानाला जवळपास काहीच नाही. काका म्हणाले, "आवाज नाही हो येत, स्लॅब येतो. आणि परवापर्यंत कमी होतं, आता वाढलंय. काय केलंत?"

मी पॅडचं सांगितलं. मग कळलं की काकांनी ३१ वर्षं पिंपरीत एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढलीत आणि प्रेस, कॉम्प्रेसर असली धुडं बसवलीत. वर आले, रिग बघितली, शेकर बघितला, "हे एवढंसं?" म्हणाले, आणि पहिला प्रश्न: "रबर किती दबतंय?" मी म्हणलं दबतच नाहीये, एकदम भारी आहे. काका हसले. घरून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं अवजार) घेऊन आले (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी व्हर्नियर टीव्हीच्या कपाटात). मी सीटवर बसलेलो असताना आणि नसताना मापलं, रिकाम्या रिगचा दाब अंदाजाने धरला, आणि त्यांनी काढलं: जेमतेम ०.३ एमएम.

मग कॅलेंडरच्या मागे हिशोब. वजनाने रबर जितके मिलिमीटर दबतं त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं, ती त्या पूर्ण वस्तूची रबरावरची स्वतःची फ्रिक्वेन्सी. ०.३ चं वर्गमूळ साधारण ०.५५, म्हणजे २९ हर्ट्झ. आणि रबर अडवायला सुरुवात करतं ते या आकड्याच्या १.४ पटीच्या वर, म्हणजे ४१ च्या वर. त्याच्या खाली ते अडवत नाही, उलट वाढवतं, आणि बरोबर २९ च्या आसपास सगळ्यात जास्त वाढवतं. माझा ब्रेक लॉकचा टोन कितीवर होता? ३० वर. म्हणजे मी पैसे देऊन काकांच्या हॉलसाठी अँप्लिफायर बसवला होता.

"जाड रबर नाही पाहिजे, दबणारं पाहिजे," काका म्हणाले. नवीन काही आणायला लागलं नाही. त्याच पॅडचे करवतीने चार-चार तुकडे केले, ५० बाय ५० चे. एका पायाखाली एक तुकडा म्हणजे क्षेत्रफळ पाव, दबणं चौपट. असे तीन तुकडे एकावर एक, मध्ये पत्र्याच्या चकत्या, म्हणजे दबणं परत तिप्पट. व्हर्नियरवर साडेतीनच्या थोडं वर आलं. हिशोबाने ८.३ हर्ट्झ, अडवणं बाराच्या वर सुरू, आणि ४० ला खाली जाणारा हादरा मूळच्या पाच टक्क्यांच्या आत. काका म्हणाले प्रत्यक्षात एवढं मिळणार नाही, हलत्या भाराला रबर जरा कडकच वागतं. पण फुलपात्रातल्या रेघा गेल्या. टॉर्च आडवी मारून बघितलं तर गिअरच्या ठोक्याला किंचित काहीतरी, बस.

तोटा एक: रिग आता थोडी होडीसारखी डुलते. जोरात ब्रेक मारला की सगळंच एक-दोन एमएम पुढे कलतं. पण सीट आणि पेडल एकाच फ्रेमवर असल्यामुळे पायाला फरक कळत नाही. हेच मऊ रबर मी सीट आणि फ्रेमच्या मध्ये घातलं असतं तर ब्रेक दाबताना सीट मागे सरकलं असतं आणि ब्रेकचा अंदाज गेला असता. तिथे मी फक्त कडक, पातळ बुश ठेवलेत, सीटचा हादरा पेडलमध्ये मिसळू नये एवढ्यापुरते. साईडला सरकू नये म्हणून दोन अँगल मारले, पण ते रिगला टेकत नाहीत, टेकले की सगळं रबर वाया, कारण हादऱ्याला लोखंडाचा एक पूल मिळाला की झालं.

आता चालवताना काय होतं? जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर कारुसेल नावाच्या वळणात उतरलं की काँक्रीटच्या पाट्यांचे सांधे मोजता येतात, ठक ठक ठक, सस्पेन्शनच्या डेटावरून. त्याच्या बाहेर पडताना थ्रॉटल लवकर दिला की सीटच्या खाली ५२ चा बारीक फुरफुराट सुरू होतो, अजून स्टिअरिंगमध्ये काही नाही, स्क्रीनवर काही नाही, आणि तेवढ्यात पाय थोडा उचलला की गाडी सरळ जाते. बाकी लॅपभर सीट जवळजवळ गप्प असतं. मित्र येऊन बसतात आणि विचारतात, "चालू आहे ना रे हे?"

एक्सबॉक्सवाल्यांसाठी: फोर्झामध्ये सेटिंगमध्ये डेटा आउट नावाचा पर्याय आहे, त्यात लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट टाकायचा, म्हणजे उलटं, इथे कन्सोलला लॅपटॉपचा पत्ता द्यावा लागतो, तर आयपी पक्का करायचा तो लॅपटॉपचा. एफ१ च्या गेममध्ये टेलिमेट्री सेटिंग दोन्ही कन्सोलवर आहे, पोर्ट २०७७७, आणि सेंड रेट ६० करायला विसरू नका. जो गेम डेटा बाहेर सोडतच नाही त्याला आवाजाचाच रस्ता, आणि तिथे निदान म्युझिक बंद करा.

६३ च्या बश्यांचं अजून काही केलेलं नाही, ती फ्रिक्वेन्सी वापरायचीच नाही असं ठरवलंय. काका रविवारी सकाळी वर येतात, चहा घेतात, त्सुकुबा ट्रॅकवर माझदा रोडस्टर घेऊन पाच लॅप मारतात, एबीएस बंद ठेवून, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच हेअरपिनला पुढची चाकं लॉक करून सरळ मातीत जातात. पेडल थरथरत असतं. "कळतंय हो," म्हणतात, "पाय निघत नाहीये."